फेरीतला चौथा फोन

माझी बायको गेली त्या दिवशी तिच्या जाण्याची बातमी तिलाही कळवण्यात आली, पस्तीस मिनिटं उशिरा. फोन मीच उचलला म्हणून मला माहीत.

आठला पाच कमी होते. मी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर वॉटर कूलरच्या मागे वाकलो होतो. त्याचा कॉम्प्रेसर चालू झाला की बंदच होत नव्हता. फ्रीज दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला असं यंत्र शेजारी घरघरत असताना बाकावर बसवत नाही. डॉक्टरणीने मास्क खाली केला आणि सांगितलं. मी "बरं" म्हणालो. थर्मोस्टॅटचा स्क्रू माझ्या हातातच होता. तो आधी जागेवर बसवला आणि मग सासूबाईंना फोन केला.

सासूबाई रडल्या नाहीत. आठ वाजले होते आणि आठ ही त्यांच्या फेरीची वेळ. फेरी म्हणजे त्यांनी वीस वर्षांपूर्वी घरात घालून दिलेली शिस्त: सकाळी आठला त्या मुलाला फोन करणार, मुलगा धाकट्या बहिणीला, धाकटी माझ्या बायकोला आणि बायको परत सासूबाईंना. एकाने एकालाच सांगायचं, म्हणजे कोणी राहत नाही. सासूबाईंनी जन्मभर शिवणक्लास चालवला. सोडलेली बातमी फिरून हातात आली की त्या ती मापून बघायच्या, कुठे आखूड झाली, कुठे सैल झाली.

तर त्यांनी मुलाला सांगितलं. मेव्हण्याने धाकटीला सांगितलं. धाकटी थोडा वेळ रडली आणि मग वीस वर्षांच्या सवयीने तिने पुढचा नंबर लावला. साडेआठला माझ्या मांडीवरच्या पिशवीत बायकोचा फोन वाजला.

"ताई, ऐकलंस का? अगं, ताई गेली गं!"



"सांगतो तिला," मी म्हणालो.

मेव्हणी त्यावर जी हसली ती थांबेचना, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. दाताच्या दवाखान्यात ती पेशंटची नावं पुकारते. त्या दिवशी समोर बसलेल्या पेशंटांना वाटलं, हिला काहीतरी चांगली बातमी आली.

*

बायको एका वैद्यकीय कॉलेजच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. संधिवाताच्या माणसांच्या रक्तात कोणती पेशी कोणाला काय कळवते, हे मोजायचं काम. अकरा वर्षं तिने ते मोजलं आणि बाराव्या वर्षी तिचीच बोटं सुजली. "दुकानदारालाच माल चिकटला," ती म्हणाली होती.

मला तिने एकदा जेवताना समजावलं होतं. प्रतिकारशक्तीच्या पेशी म्हणजे आमची फेरी. पहिली पेशी दारावर कोणालातरी पकडते, त्याचा तुकडा फाडते आणि दुसरीला दाखवते. दुसरी शहाणी असते. एका खुणेवर विश्वास ठेवत नाही, दुसरी खूण मागते. पटलं की मात्र निरोप सुटतात. तिसरी त्या निरोपावर अँटीबॉडी बनवत सुटते. चौथी असते खादाड. ती सांध्यात येऊन बसते, चिडते आणि आणखी निरोप सोडते. ते निरोप फिरून पहिलीकडे येतात. पहिलीला वाटतं, बघा, बाहेरूनही तेच ऐकू येतंय, म्हणजे खरंच असणार. मुळात दारावर पकडलेला माणूस घरचाच होता, हे तोवर कोणाच्या लक्षात नसतं.

"आणि हे थांबवतं कोण?" मी विचारलं होतं.

"काही पेशी निरोप गिळतात. पुढे पाठवतच नाहीत. त्या कमी पडल्या की आग लागते."

आमच्या फेरीत चौथी ती होती, पण गिळणाऱ्यांतली. निम्मं गिळायची. आई म्हणाली की वहिनीचा ब्लाउज बिघडला, दादा म्हणाला आईला आता दिसत नाही, धाकटी म्हणाली दादा आईला आंधळी म्हणतो. माझी बायको एवढं सगळं ऐकून घ्यायची आणि सासूबाईंना फोन करून सांगायची, "दादा तुझे डोळे तपासायचं म्हणतोय." विषय संपला.

ती गेल्यावर धाकटीने फेरी तुटू नये म्हणून सरळ आईला फोन सुरू केला. मधे गिळणारं कोणी नाही. पहिल्या दिवशी मेव्हणा म्हणाला, "गोळ्या घेऊन घेऊन थकली होती बिचारी." ते सासूबाईंकडे पोचेपर्यंत ती गोळ्यांना कंटाळली होती. दुसऱ्या फेरीत तिने गोळ्या सोडल्या होत्या. तिसऱ्या फेरीत त्या कोणीतरी तिला दिल्याच नव्हत्या. पाचव्या दिवशी मला कळलं की ते कोणीतरी म्हणजे मी. दहाव्या दिवसापर्यंत मेव्हणा धाकटीच्या घरी जाईनासा झाला, धाकटी त्याच्या घरी जाईनाशी झाली आणि सासूबाई दोघांशी फक्त फोनवर, फक्त आठ वाजता, फक्त भांडायला बोलू लागल्या.

*

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेच्या मॅडमनी मला बोलावलं. उणे ऐंशी अंशांचा मोठा फ्रीझर तिथे मीच दुरुस्त करतो. आमचं लग्न त्या फ्रीझरनेच जमवलं. मला वाटलं, दाराचं रबर गेलं असेल.

त्यांनी एक डबा दाखवला, बर्फाने पांढरा झालेला. आत पाच नळ्या. शेजारी तिची वही.

"हे नियमात बसत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण ती आता नाही, मी कोणावर ओरडू? तुम्हीच वाचा."

दरवर्षी ती साखर तपासते असं सांगून घरच्यांचं रक्त घ्यायची. तिच्या हाताची सुई कळायची नाही, त्यामुळे कोणी कुरकुर करत नसे. तेच रक्त तिने इकडे तपासलं होतं. हा आजार घराण्यात उतरू शकतो, आणि सांधे सुजण्याच्या कितीतरी वर्षं आधी अँटीबॉडी रक्तात सापडतात. नळीवर नाव लिहायचं नाही ही तिथली शिस्त. नंबर लिहायचा. तिने नंबर लिहिले नव्हते. मनात ज्याला जे म्हणायची ते तिने लिहिलं होतं.

चार नावांपुढे 'निल' होतं. पाचव्यापुढे: 'भुंगा. पॉझिटिव्ह. दोनदा केली. एकांतात सांगायचं, फेरीत नाही.' खाली तांबडी रेघ. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची.

"भुंगा कोण?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

माहीत होतं. आमची मुलगी तान्ही असताना दूध पिताना गुणगुणायची. आम्ही दोघंच तिला भुंगा म्हणायचो, तिसऱ्या कोणाला ते ठाऊक नव्हतं. मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे. ती कवळ्या आणि दात बनवते. मुंगीच्या पायाएवढ्या ब्रशने चिनीमातीच्या दाताला रंग देते. तिची बोटं गेली तर तिचं सगळंच गेलं.

"लवकर कळलं तर औषधाने पुष्कळ आवरता येतं," मॅडम म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते. तिने भागलं नाही तर नेमका एक निरोप अडवणारी औषधं आहेत. पण आधी रक्त पुन्हा द्यायला हवं. आणि डॉक्टरांनी हात बघायला हवेत."

म्हणजे मला मुलीला सांगायला हवं होतं. आईला नेणाऱ्या आजाराची खूण तुझ्याही रक्तात आहे, असं. तीन दिवस मी रोज संध्याकाळी तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन विचारलं, "चहा घेतेस?" चौथ्या दिवशी मला युक्ती सुचली. सगळ्यांनाच सांगायचं की पाचांतल्या एका नळीत खोट आहे, कोणाची ते कळत नाही, म्हणून सगळ्यांनी रक्त द्या. गर्दीत तीही देईल. पुढचं डॉक्टर सांगतील, मला सांगावं लागणार नाही.

मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

*

कोणाच्या घरी जमायचं यावरच चार दिवस गेले. शेवटी मेव्हण्याच्या चष्म्याच्या दुकानातली डोळे तपासायची खोली ठरली. रविवारी दुकान बंद असतं आणि ते कोणाचं घर नाही. भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, एका बाजूला हनुवटी टेकायचं यंत्र, मधोमध पेशंटची खुर्ची. पायाने दाबलं की ती वर जाते. सासूबाई तिच्यावर बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "दाब." त्या पार वर गेल्या. बाकीचे आम्ही स्टुलांवर.

मेव्हणीने मला नंतर सांगितलं की ती भांडायचं ठरवूनच आली होती. दादाने यंत्राआड तोंड लपवलं तर त्याला काय म्हणायचं, याची तिने बसमध्ये तालीम केली होती.

मी नळ्यांचं सांगितलं. खोटं बोलायची सवय नसल्याने जरा जास्तच मोठ्याने सांगितलं.

"आमचं रक्त आम्हाला न विचारता?" मेव्हणा म्हणाला.

"विचारलं असतं तर दिलं असतंस?" सासूबाई वरून म्हणाल्या.

"नसतं दिलं."

"मग?"

"पण नाव कसं नाही नळीवर?" मेव्हणीने विचारलं. "आमच्या दवाखान्यात कवळीवरसुद्धा नाव असतं."

"टोपणनावं आहेत," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

"कसली टोपणनावं? वाचा भावजी."

"ते महत्त्वाचं नाही. तुम्ही रक्त..."

"अहो जावई," सासूबाई म्हणाल्या, "वाचा."

मी वही उघडली. मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, दोन्ही हात जर्किनच्या खिशात.

"हेडमास्तर."

सगळ्यांनी वर बघितलं. सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. "हा असेल. याचीच सवय सगळ्यांना उभं करायची."

"आई, तू आत्ता मला खुर्ची दाबायला लावलीस."

"बरं. असेन मी. पुढे?"

"मऊ साबण."

"दादा," मेव्हणी ताबडतोब म्हणाली.

"का म्हणून?"

"हातात येतोस का कधी? ताई तीन महिने आजारी. येतो म्हणालास की निसटलास."

"मी चार वेळा आलो होतो!"

"पार्किंगपर्यंत."

मेव्हण्याच्या बाबतीत एकदा ते खरं होतं. तो मला नंतर म्हणाला, "त्या दिवशी जिन्यावरून परत फिरलो. तिचे हात बघवत नव्हते. लहानपणी तीच मला बुटाची नाडी बांधून द्यायची."

"आगकाडी," मी वाचलं.

कोणीच मेव्हणीकडे बघितलं नाही. मेव्हणा तर मुद्दाम तक्त्यावरची बारीक ओळ वाचू लागला.

"कळलं," मेव्हणी म्हणाली. "एवढं काही तोंड फिरवायला नको. आणि हो, पहिल्याच दिवशी गोळ्यांचं आईला मी सांगितलं. पण तूच म्हणाला होतास, ती कंटाळली होती."

"थकली होती म्हणालो होतो मी."

"तेच ते."

"तेच ते कसं? त्यावरून तीन आठवडे आई मला खुनी म्हणतेय!"

"मी खुनी म्हटलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी निष्काळजी म्हटलं. खुनी मी जावयांना म्हटलं होतं." मग माझ्याकडे बघून, "रागावू नका. तेव्हा मला तशीच माहिती होती."

"पुढचं वाचा भावजी," मेव्हणी म्हणाली.

"ठोकळा."

"ते तुम्ही," तिघं एका सुरात म्हणाली. कोपऱ्यात मुलगीही हसली. मी तुलनेसाठी घेतलेला निरोगी माणूस होतो, एवढं तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण कोणाला त्यात रस नव्हता. खोलीत बरं वाटत होतं. महिन्याभराने पहिल्यांदा सगळे एका गोष्टीवर हसत होते आणि ती गोष्ट तिनेच लिहिलेली होती.

"आणि खोट असलेली नळी कोणती?" मेव्हण्याने हसतच विचारलं.

"भुंगा," मी म्हणालो.

इथे ठोकळ्याच्या लक्षात आलं की माणसं पाच आणि नावंही पाच, आणि चार नावं वाटून झाली आहेत.

*

सासूबाईंनी बोटांवर मोजलं. मापं घेताना मोजतात तसं, अंगठ्याने एकेक पेर दाबत. हेडमास्तर मी. साबण हा. आगकाडी ही. ठोकळा ते. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली, जर्किनच्या खिशांवर. उन्हाळ्यात बंद खोलीत पोरीने हात खिशात का घातलेत, हा प्रश्न त्यांना आल्यापासून पडला होता. आता पडेना. त्यांची मोठी मुलगीही सुरुवातीला अशीच हात लपवायची. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "नेलपॉलिश लावलंस काय?"

"दाब," त्या मुलाला म्हणाल्या. "खाली घे मला."

खुर्ची सुस्कारा टाकत खाली आली.

"हेडमास्तर मी नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी विचार केला. हेडमास्तर हाच. मी भुंगा. अख्खा जन्म तिच्या कानाशी भुणभुण केली, दुसरं काय म्हणणार ती मला?"

मेव्हण्याने आईकडे बघितलं, मग भाचीकडे. त्यालाही हिशेब लागला. "नाही आई. तू हेडमास्तरच. भुंगा मी. दुकानात मी दिवसभर शीळ घालतो, गिऱ्हाईकं तक्रार करतात. साबण... साबण ही असेल."

"मी साबण?" मेव्हणी म्हणाली. ती नंतर मला म्हणाली, "त्या क्षणी मला आधी रागच आला, मग कळलं." ती स्टुलावर सरळ झाली. "साबण बिबण काही नाही. भुंगा मी. उगाच माझं दुखणं तुम्ही दोघं घेऊ नका. तुम्हाला सगळंच हवं असतं."

"तू आगकाडी आहेस!" दोघं ओरडली.

"पुरावा दाखवा!"

अर्ध्या तासापूर्वी ही माणसं एकमेकांना नावं चिकटवत होती. आता पाचव्या नळीसाठी धक्काबुक्की व्हायची बाकी होती. मी वही मिटून बसलो होतो. मीही "भुंगा मी" म्हणावं असं मला वाटलं, पण माझ्यावर कोणीच विश्वास ठेवला नसता.

"आजी," मुलगी म्हणाली. "बास."

तिने हात खिशातून काढले आणि हनुवटीच्या यंत्रावर ठेवले. उजव्या हाताच्या दोन बोटांची मधली पेरं सुजून गुळगुळीत झाली होती, तुकतुकीत. आईची पहिल्यांदा झाली होती तशी.

"भुंगा मी आहे. बाबा आणि आई मला म्हणायचे, तुम्हाला वाटतं मला ऐकू यायचं नाही? भिंत पातळ आहे आपली."

"किती दिवस?" मी विचारलं.

"चार महिने. सकाळी मूठ मिटत नाही. गरम पाण्यात हात धरून बसते, मग दहापर्यंत ब्रश पकडता येतो. आई आजारी होती, तुला कसं सांगू? आणि मग आई गेली, मग तर कसं सांगू? तू रोज येऊन चहा विचारत होतास. मला वाटलं, याला कळलं असतं तर हा नुसता चहा विचारत बसला नसता."

"मला कळलं होतं."

"हो ना. आत्ता कळलं ते मला." ती हसायचा प्रयत्न करत होती. "ठोकळा बरोबर लिहिलंय तिने."

सासूबाई उठल्या, पोरीचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि सुजलेली पेरं सोडून बाकीची बोटं एकेक करून दाबली. बराच वेळ. मग न बघताच म्हणाल्या, "धाकटे, फोन खाली ठेव."

मेव्हणीने फोन पर्समध्ये टाकला. "नवऱ्याला नुसतं सांगत होते..."

"कोणाला काही सांगायचं नाही. वहीत काय लिहिलंय? फेरीत नाही. आधी डॉक्टर, मग पोरगी म्हणेल तेव्हा, म्हणेल त्याला."

"मग फेरी बंद?" मेव्हण्याने विचारलं. त्याचा आवाज असा होता, जणू कोणी त्याचं दुकान बंद करतंय.

"बंद कशाला? आठला मी करणार काय?" सासूबाई पुन्हा खुर्चीत बसल्या, या वेळी खालीच. "पण ही मला सरळ फोन करते ते नको. हिचं सगळं तसंच्या तसं, आणि वर तिखट. मधे कोणीतरी हवं. ती निम्मं खाऊन टाकायची, मला काय कळत नव्हतं? वीस वर्षं माप बघतेय मी. कापड दर वेळी कमीच यायचं." त्या थांबल्या. "चांगलं बसायचं पण."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी?" मी म्हणालो. "मला बोलता येत नाही."

"म्हणूनच," मेव्हणी म्हणाली.

*

सोमवारी मुलीने रक्त दिलं. गर्दीची गरज नव्हती, पण बाकीचे तिघंही बाह्या वर करून रांगेत उभे होते आणि कोणाची सुई आधी यावरून त्यांचं वाजलं. मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे नेहमी असेच असतात?" मी म्हटलं, तीन आठवड्यांपूर्वी बघायला हवे होते.

रिपोर्ट वहीत होता तोच आला. डॉक्टरांनी आठवड्याची गोळी सुरू केली. परिणाम दिसायला दोनएक महिने लागतील म्हणाले. तिच्या आईला हीच गोळी दिली होती, पण खूप उशिरा, आजाराने फुफ्फुसं धरल्यावर. मुलीची फुफ्फुसं स्वच्छ आहेत. मी फोटो प्रकाशासमोर धरून तीनदा बघितला, मला त्यातलं काही कळत नसताना. सध्या तिची मूठ साडेनऊला मिटते. पूर्वी दहाला मिटायची. अर्धा तास तो गोळीचा की माझ्या देखरेखीचा, यावर आमचं जमत नाही.

फ्रीझरमधला डबा मी रिकामा केला. तळाशी सहावी नळी निघाली, तिची स्वतःची. वर काही लिहिलेलं नव्हतं. तीही मॅडमच्या हवाली केली.

फेरी सुरू आहे. सासूबाई आठला, मेव्हणा सव्वाआठला, मेव्हणी साडेआठला. ती अजून ताईचाच नंबर लावते, म्हणून तो फोन मी चार्ज करून खिशात ठेवतो. ती सगळं सांगते, मी ऐकतो, आणि त्यातलं निम्मं गिळायला आता मला जमायला लागलं आहे. राहिलेलं निम्मं सासूबाईंना सांगायचं असतं. पावणेनऊला त्या फोनपाशी बसलेल्या असतात, असं मुलगी म्हणते.

तो चौथा फोन मी अजून केलेला नाही.